हलक्या बुटांचा जड इतिहास

गिर्यारोहणाच्या बुटांची कुठलीही जाहिरात बघा, किमतीच्या आधी डोळ्यांत भरतो तो वजनाचा आकडा. जोडी दोन किलो, पावणेदोन किलो, दीड किलो... मोबाईलची जाडी सांगावी तसं. आपण सह्याद्रीत कॅनव्हासचे हंटर घालून वाढलेली माणसं, त्यामुळे बूट हलका असला की आपल्याला बरं वाटतं. बर्फावर मात्र 'बरं वाटतं' एवढ्यावर भागत नाही. तिथे हलक्या बुटांनी माणसांना शिखरावर पोचवलंय आणि माणसं मारलीही आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, हे शोधत मी गेले काही शनिवार-रविवार घालवले. त्याचीच ही गोष्ट.

आधी हलक्याची बाजू. सॅकमधलं वजन आपल्याबरोबर एका लयीत पुढे सरकत असतं. पायातलं वजन दर पावलाला उचलायचं, पुढे झुलवायचं, थांबवायचं आणि पुन्हा उचलायचं. 'पायात एक पौंड म्हणजे पाठीवर पाच पौंड' असं गिर्यारोहक पूर्वीपासून म्हणत आले आहेत. पुढे लोकांना बुटांत वजनं घालून चालवलं, त्यांना लागणारा ऑक्सिजन मोजला, तेव्हा उत्तर साधारण पाच-सहा पट असंच आलं. म्हणजे बुटांच्या जोडीत अर्धा किलो वाचवला तर सॅकमधून अडीच-तीन किलो काढल्यासारखं. आणि आठ हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. तिथे हा हिशेब चैनीचा राहत नाही.

हे १९२४ च्या एव्हरेस्टवाल्यांनाही पक्कं ठाऊक होतं. त्या काळचा बूट म्हणजे चामड्याचा, तळाला लोखंडी खिळे ठोकलेला. घट्ट बर्फावर खिळे चांगले रुततात, पण त्यांची खोड अशी की तळातून आत गेलेला प्रत्येक खिळा पायाची उष्णता बाहेर वाहून नेतो. लोखंड आहे, त्याचा धर्मच तो. शिवाय खिळ्यांचं वजन वेगळंच. एडवर्ड नॉर्टनने त्या वर्षी घातलेले बूट नमद्याचे होते, फक्त तळ आणि कडा चामड्याच्या, आणि खिळे अगदी मोजके. या बुटांनी तो ४ जून १९२४ रोजी ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत गेला. बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय त्याच्याहून उंच जाऊन आल्याची पक्की नोंद पुढची ५४ वर्षं झाली नाही! तेव्हा 'हलके बूट ही आजकालची फॅशन' असं कोणी म्हणालं तर त्याला नॉर्टन दाखवावा.

चारच दिवसांनी मॅलरी आणि अर्विन याच डोंगरावर बेपत्ता झाले. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला तेव्हा पायात खिळ्यांचा बूट होता. २०२४ मध्ये खालच्या हिमनदीवर एक बूट मिळाला. आत पाय होता आणि मोज्यावर अर्विनच्या नावाची पट्टी शिवलेली होती. शंभर वर्षांनी माणसाची ओळख पटली ती मोज्यावरून.

आता दुसरी बाजू. ती बघायला हिमालयातून उठून आल्प्समध्ये जावं लागतं. इटली-स्वित्झर्लंड सीमेवर पुंता रासिका नावाचं शिखर आहे, एव्हरेस्टच्या निम्म्याहूनही कमी उंचीचं. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये मिलानचा विताले ब्रामानी मित्रांबरोबर तिथे गेला. त्या वेळची रीत अशी की पायथ्यापर्यंत खिळ्यांचे जड बूट घालून यायचं, कातळ सुरू झाला की ते काढून तिथेच ठेवायचे आणि मऊ तळाचे पातळ बूट चढवायचे. कोरड्या कातळावर हे बूट झकास. पण वर असताना हवा फिरली, वादळ आलं, कातळावर बर्फ साचलं. पातळ बुटांना ना पकड, ना ऊब. उतरता येईना. जड बूट खाली वाट बघत बसलेले. सहा जण गेले.

ब्रामानी वाचला, आणि ही गोष्ट त्याने डोक्यातून जाऊ दिली नाही. कातळ आणि बर्फ दोन्हींवर चालेल, खिळ्यांसारखा गारठणार नाही आणि मध्येच बदलावा लागणार नाही असा एकच तळ हवा, म्हणून त्याने रबर घेतलं. टायरच्या कंपनीने, पिरेलीने, त्याला मदत केली. १९३७ मध्ये व्हल्कनाइज्ड रबराचा, खोल खाचांचा तळ तयार झाला. त्याचं नाव 'कार्रारमातो', म्हणजे रणगाडा. कंपनीचं नाव विताले ब्रामानी या नावातली अक्षरं जोडून व्हिब्रम. आपल्या बुटांखाली जो पिवळा अष्टकोनी शिक्का दिसतो आणि ज्यासाठी दुकानदार जास्तीचे पैसे मागतो, त्यामागे हे सहा मृत्यू आहेत. १९५४ मध्ये इटालियन लोक के-टूवर पहिल्यांदा पोचले ते याच तळावर.

अर्थात रबराने सगळं सुटलं नाही. निबर बर्फावर ते खिळ्यांपेक्षा जास्त घसरतं, म्हणून त्याखाली क्रॅम्पॉन आलेच. (आयगरची उत्तर भिंत १९३८ मध्ये चढणाऱ्या चौघांपैकी हाइनरिख हारर क्रॅम्पॉन न घेताच, खिळ्यांच्या बुटांनी वर गेला होता. बरोबरच्या हेकमायरकडे नवे बारा दाती क्रॅम्पॉन होते. एकाच दोराला दोन पिढ्या बांधलेल्या!)

पण पकडीपेक्षा अवघड प्रश्न उबेचा. इथे एक साधी गोष्ट आपण हमखास विसरतो. बूट ऊब देत नाही. ऊब तयार करतो पाय, तीही चालत असताना. बूट फक्त ती बाहेर जायला उशीर लावतो. त्यामुळे हलका बूट घालणं म्हणजे एक करारच असतो: मी चालत राहीन, थांबणार नाही, अंधार पडायच्या आत खाली येईन. हा करार मोडला की काय होतं, ते अन्नपूर्णावर दिसलं.

३ जून १९५०. मॉरिस हेर्झोग आणि लुई लाशेनाल चामड्याच्या बुटांत ८,०९१ मीटरच्या शिखराकडे निघाले होते. लाशेनालच्या पायांची संवेदना जाऊ लागली. तो शामोनीचा गाइड, म्हणजे पाय हेच त्याचं भांडवल. मी परत फिरलो तर तू काय करशील, असं त्याने हेर्झोगला विचारलं. एकटा पुढे जाईन, असं उत्तर आलं. लाशेनाल पुढे गेला. शिखर झालं, आठ हजार मीटरवरचं माणसाने गाठलेलं पहिलं. उतरताना वाट चुकली, रात्र हिमभेगेत काढावी लागली, पहाटे वरून बर्फ कोसळलं आणि काढून ठेवलेले बूट त्याखाली गाडले गेले. ते उकरून शोधत बसावं लागलं. पुढे परतीच्या प्रवासात डॉक्टर उदो वाटेतच बोटं कापत गेले. लाशेनालची पायाची सगळी बोटं गेली, हेर्झोगची हातापायांची.

हेर्झोगच्या पुस्तकाने जगभर विक्री केली, तो पुढे मंत्री झाला. लाशेनालच्या वहीतलं पूर्ण लिखाण मात्र १९९६ मध्ये बाहेर आलं, त्याच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी. त्यात त्याने साफ लिहिलंय की आपले पाय आपण देशाच्या तरुणांना देणं लागत नव्हतो. तो वर गेला तो शिखरासाठी किंवा फ्रान्ससाठी नाही, तर हेर्झोग एकटा गेला तर परत येणार नाही हे दिसत होतं म्हणून. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा माणूस लाशेनाल.

ब्रिटिशांनी यातून धडा घेतला. १९५३ च्या एव्हरेस्टसाठी त्यांनी दोन प्रकारचे बूट नेले. खालच्या भागासाठी साधे आणि वरच्यासाठी खास, केटरिंगच्या पादत्राण संशोधन संस्थेने बनवलेले. वरच्या बुटात शेवरीच्या कापसासारख्या कपोकचा जाड थर, आत-बाहेर ओल अडवणारं अस्तर, आणि तळाला हवेच्या बारीक बुडबुड्यांचं रबर. दिसायला बोजड पण आकाराच्या मानाने हलका, आणि मुद्दाम अल्पायुषी. खडकावर घासून तो टिकला नसता आणि टिकावा अशी अपेक्षाही नव्हती. काम काही दिवसांचं, बूट तेवढ्यापुरता. ही कल्पना मला फार आवडते.

तरीही २९ मेच्या सकाळी ८,५०० मीटरवर काय झालं? हिलरीने रात्री बूट काढून ठेवले होते. सकाळी ते दगड झालेले. ऐन शिखराच्या दिवशी जवळजवळ दोन तास स्टोव्हवर बूट भाजण्यात गेले. तेनझिंगने रात्रभर आपले बूट काढलेच नव्हते. ते बूट आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमांमधले होते, मोजे बायकोने, आंग ल्हामूने, विणलेले.

हा बूट गोठण्याचा प्रश्न सुटला तो प्लास्टिकने. स्कीइंगच्या बुटांकडून ही कल्पना आली आणि १९८० च्या आसपास दुहेरी प्लास्टिकचे बूट पसरले. बाहेर कडक कवच, ते पाणी पीत नाही. आत फोमचा सुटा बूट, तो काढून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. हिलरीला हाच हवा होता. १९७० मध्ये नंगा पर्वतावर राइनहोल्ड मेसनरने उघड्यावर रात्री काढल्या, पायाची सात बोटं गमावली आणि भाऊ ग्युंटर गमावला, तेव्हा पायात चामडंच होतं. ग्युंटरचा एक बूट २००५ मध्ये अवशेषांबरोबर सापडला, दुसरा २०२२ मध्ये. भावाला वर सोडून आल्याचा आरोप मेसनरवर अनेक वर्षं होता. ते अवशेष दियामीर बाजूला सापडले, म्हणजे त्याने सांगितलं होतं त्या बाजूला.

आजचे हलके बूट, जोडी दीड किलोच्या आसपासवाले, कृत्रिम कापडाचे, एकेरी. उन्हाळ्यात, पहाटे निघून दुपारपर्यंत खाली येणाऱ्या चढाईत ते उत्तम चालतात. दोन ठिकाणी मार खातात. एक म्हणजे घट्ट बर्फात पायऱ्या मारताना. तळ लवचीक असला की बुटाचं टोक दुमडतं, पोटरी भरून येते आणि चुकीचा क्रॅम्पॉन लावला तर तो निसटतो. टाचेला क्रॅम्पॉनची खाच आहे पण पुढे नाही, असा बूट असेल तर पुढे तारेचा क्लिप असलेला क्रॅम्पॉन त्यावर लावूच नये. दुसरं म्हणजे दुपारच्या ओल्या बर्फात. एकेरी बूट एकदा आतून भिजला की तंबूत वाळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही १९५३ मध्ये असता. शिखर एका दिवसाचं असेल तर चालेल. वरच्या कॅम्पवर दोन रात्री असतील, किंवा दोरापाशी रांगेत उभं राहायची शक्यता असेल, तर दुहेरीच.

लेह-मनालीत भाड्याने मिळतात ते बरेचदा जुने प्लास्टिकचे बूट. ते जड आहेत, नडगी सोलतात, पण खालच्या उंचीच्या शिखरांना उबेला पुरेसे होतात. फक्त घेताना कवच दोन्ही हातांनी वाकवून बघा, घोट्यापाशी आणि तळाच्या कडेला बारीक चिरा आहेत का ते पाहा. प्लास्टिक म्हातारं होतं आणि थंडीत अचानक तडकतं. आतला बूट बाहेर काढून हात घालून बघा, बोटांपाशी फोम दबून पातळ झालाय का. आणि दोन मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घालून बघा. बोटं हलली पाहिजेत.