लोहमार्गालगतच्या भूखचनाचे उपग्रहीय मापन

लोहमार्गाखालची वा लगतची जमीन किती खचते, हे उपग्रहावरील रडारने मोजण्याची पद्धत. ठरावीक दिवसांनी उपग्रह त्याच कक्षेतून जातो. दोन फेऱ्यांत परतलेल्या तरंगांच्या कलेतील (आवर्तनातील स्थितीतील) फरकावरून जमीन त्याच्यापासून किती दूर सरली हे काढतात. युरोपच्या सेंटिनेल-१ (२०१४) या उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी सु. ५.६ सेंमी. आहे. तरंग जाऊन परत येत असल्याने २.८ सेंमी. सरकण्याला कलेचे एक आवर्तन पूर्ण होते. हवेतील बाष्पामुळेही कला बदलत असल्याने प्रतिमांच्या एकाच जोडीवर विसंबता येत नाही. अनेक प्रतिमांत स्थिर राहणारे परावर्तक बिंदू निवडण्याची रीत मिलानच्या फेरेत्ती, प्राती व रोक्का यांनी मांडली (२००१). तिच्यामुळे वर्षाला काही मिलिमीटरांची हालचालही कळू लागली.

पुलाचे गर्डर, विजेचे खांब, कठडे हे उत्तम परावर्तक. गवत-झुडपांनी झाकलेला मातीचा भराव मात्र फारसे बिंदू देत नाही, आणि काळजी बहुधा त्याचीच असते. उत्तर-दक्षिण सरकणे जवळजवळ दिसत नाही. खडीखालची माती एका रात्रीत वाहून गेली, तर पुढच्या फेरीपर्यंत उपग्रहाला पत्ता नसतो. रुळांवरची पायी गस्त त्यामुळे टळत नाही.

तैवान : या विषयातील बराच अभ्यास झालेले उदाहरण. तेथील द्रुतगती रेल्वे (२००७, ताशी ३०० किमी.) युनलिन परगण्यात चोशुई नदीच्या गाळाच्या पंख्यावरून उन्नत मार्गाने जाते. भूजलाच्या उपशाने तेथील जमीन वर्षाला काही सेंटिमीटर खचत आली आहे. सुमारे ३०० मी. खोल मापन-विहिरींनी कोणता थर किती दबतो हे दाखवले; खचलेल्या क्षेत्राचा विस्तार रडारने दाखवला. सगळे खांब सारखे खचले तर गाडीला फारसा धोका नसतो. शेजारच्या दोन खांबांतील तफावत महत्त्वाची. रेल्वेलगतच्या, उपशाच्या सुमारे हजार खोल विहिरी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे २०११ मध्ये ठरले. रेल्वेमार्ग ओलांडणाऱ्या एका महामार्गाच्या भरावाचा या खचण्यात वाटा किती, याविषयी एकमत नाही.

भारत : झरिया कोळसाक्षेत्रातील खचण्याची रडार-मापने झाली आहेत. भूमिगत आगीच्या धोक्यामुळे या क्षेत्रातून जाणारा धनबाद–चंद्रपुरा लोहमार्ग जून २०१७ मध्ये बंद केला गेला. २०१९ मध्ये त्यावर पुन्हा गाड्या धावू लागल्या. नासा व इस्रो यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची तरंगलांबी सु. २४ सेंमी. असून ते तरंग झाडोऱ्यातून अधिक चांगले पार होतात.