वनस्पतिजन्य टाकाऊ पदार्थ आणि जलशुद्धी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्यासाठी कतक म्हणजे निवळीच्या बीचा उल्लेख आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात याच कतकाचा दृष्टान्त येतो : त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. यावरून जड धातू काढण्याची विद्याही प्राचीनच होती, असे मानण्याचा मोह होतो. तो कितपत योग्य, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवळीमुळे पाण्यात तरंगणारे मातीचे कण तळाशी बसतात. विरघळलेले शिसे वा कॅडमियम मात्र दिसत नाही. निवळशंख पाणीही विषारी असू शकते. ही जाणीव तीव्र झाली ती विसाव्या शतकात. जपानमधील मिनामाता येथील विकाराची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. त्यामागे पारा असल्याचे तेथील शासनाने १९६८ साली मान्य केले. भारतात जलप्रदूषणविषयक कायदा १९७४ साली झाला. पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा १९९१ च्या भारतीय मानकात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम होती; २०१२ मध्ये ती ०.०१ झाली.

स्वस्त उपायाच्या शोधात संशोधक भाताचे तूस, उसाची चिपाडे, काथ्या यांकडे वळले. त्यांतील कार्बोक्सिल व हायड्रॉक्सिल गट धातूंचे आयन धरून ठेवतात. परंतु धातू नष्ट होत नाही. तो पाण्यातून तुसात जातो. ते तूस उकिरड्यावर टाकल्यास तोच धातू पुन्हा मातीत व पाण्यात उतरू शकतो.

सारांश, कतकाच्या नावाने पाणी निवळत नाही, तसे ‘नैसर्गिक’ या शब्दाने ते निर्विषही होत नाही.