बीटामॅक्स खटला

घरच्या घरी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणे कायदेशीर ठरविणारा अमेरिकेतील खटला. सोनी कंपनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स हा व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि वॉल्ट डिस्ने या चित्रपटकंपन्यांनी कॅलिफोर्नियात दावा लावला. प्रेक्षक प्रताधिकाराचा भंग करतात आणि यंत्र विकणारी सोनी त्याला जबाबदार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हा न्यायालयाने १९७९ मध्ये सोनीच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने १९८१ मध्ये तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने तर युक्तिवाद दोनदा ऐकला आणि १७ जानेवारी १९८४ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीला निर्दोष ठरविले.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिला. चुकलेला कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी तो टेपवर घेणे हा ‘उचित वापर’ होय, असे त्यात म्हटले आहे. लहान मुलांच्या कार्यक्रमाचे लोकप्रिय निवेदक फ्रेड रॉजर्स यांची साक्षही त्यात उद्धृत आहे. अशा ध्वनिचित्रमुद्रणाला त्यांचा आक्षेप नव्हता. ज्या यंत्राचे निर्दोष उपयोग भरीव आहेत, त्याच्या विक्रेत्याला ग्राहकाच्या भंगासाठी केवळ विक्रीमुळे दोषी धरता येत नाही, हे तत्त्व न्यायालयाने पेटंट कायद्यातून उचलले. या निकालाचा खरा गाभा हाच. टेपचा कायमस्वरूपी संग्रह करण्याला मात्र त्याने सरसकट मुभा दिलेली नाही, हे अनेकदा विसरले जाते.

गंमत अशी, की खटला जिंकलेले बीटामॅक्स बाजारात व्हीएचएस या प्रतिस्पर्धी टेप-पद्धतीपुढे हरले. विक्रेत्याला संरक्षण देणारे वरील तत्त्व पुढे इंटरनेटवरील फाइल-वाटपाविषयीच्या २००५ च्या ग्रॉक्स्टर खटल्यात मर्यादित झाले: भंगाला उघड चिथावणी देणाऱ्याला त्याचा आसरा मिळत नाही.