घरातली तिसरी बंदूक

थोडं लांब झालंय. पण ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांची बंदूक आहे किंवा कधीकाळी होती, त्यांनी सावकाश वाचावं.

आमच्या घरात तीन बंदुका होत्या. आता दोन आहेत. तिसरी कुठे गेली ते सांगतो, पण त्याआधी तिघींची ओळख करून देतो.

पहिली बर्मिंगहॅमची दुनळी, बारा बोअर. 'बारा' म्हणजे काय हे आजोबांनी मला लहानपणी सांगितलं होतं. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली, तर तशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा बोअर. आजोबांनी ती पन्नासच्या दशकात जुनी म्हणून घेतली होती. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, बाजूच्या पत्र्यावर बारीक वेलबुट्टी.

दुसरी ३१५ रायफल, इछापूरच्या सरकारी कारखान्यातली. साठच्या दशकात आलेली. आमच्या काकांचा जीव हिच्यात.

तिसरी ठासणीची. पणजोबांची, कदाचित त्यांच्याही आधीची. वरून दारू भरायची, गजाने ठासायची, केप लावायची आणि बार काढायचा. हिच्यावर ना कारखान्याचं नाव, ना नंबराचा शिक्का. नंबर होता तो पुढे परवान्यासाठी कुणीतरी ठोकलेला. दस्ता फणसाच्या लाकडाचा, मधे तडा गेलेला आणि पितळेच्या तारेने आवळून बांधलेला. आमचं गाव कोकणात घाटाच्या पायथ्याशी आहे. विलायती बंदुकीला फणसाचा दस्ता कोण लावणार? म्हणजे ही इथल्याच कुणा लोहार-सुताराच्या हातची, निदान इथे दुरुस्त होत होत इथलीच झालेली.

आता बंदुका घरात ठेवायच्या म्हणजे संसारात तडजोडी आल्याच. आजीची अट अशी, की बंदूक माजघराच्या पलीकडे येणार नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा दुसरी अट पडली: बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे नाहीत. माझी बायको तर पुण्याची. ती पहिल्यांदा गावी आली आणि कपाट उघडलेलं पाहून म्हणाली, "अहो, हे सगळं खरं आहे?" आमची मुलगी झाल्यावर तिने सरळ सांगितलं, काडतूस घरात नको. काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण काडतुसं गेली आणि आज मी म्हणतो की तिचंच बरोबर होतं. ज्या घरात पोरं धावतात, तिथे भरलेल्या बंदुकीचं कौतुक चालत नाही.

बाबांचा आनंद वेगळाच होता. शिकार त्यांनी कधी केली नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, तेव्हा ते नुकते पंचविशीत आले होते. त्यांचा सोहळा म्हणजे रविवार सकाळ. अंगणात गोधडी पसरायची, तिघींना बाहेर काढायचं, नळीतून चिंधी फिरवायची, लाकडाला जवसाचं तेल चोळायचं. लोखंडाला लागणारं तेल आईच्या शिवणयंत्राच्या बाटलीतून गुपचूप येई. आईला सगळं माहीत असायचं. ती महिन्याला दोन बाटल्या आणायची आणि काही बोलायची नाही.

इथे जरा इतिहासात जाऊ, कारण आमच्या कपाटातल्या या तिघी काही योगायोगाने जमलेल्या नव्हत्या. कुठली बंदूक कुणाच्या घरात असेल, हे या देशात दीडशे वर्षं कायदाच ठरवत आलाय.

१८५७ नंतर इंग्रजांनी हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८६० साली एक कायदा आला आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात तो प्रसिद्ध शस्त्र कायदा. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला नको. जखम हत्यार जाण्याची कमी आणि या भेदाची जास्त होती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला तो उगाच नाही.

सरकारची भीती कुठवर गेली होती पहा. फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ४५० मापाची. शिकारीसाठी येणाऱ्या ४५० च्या गोळ्या बंडखोरांच्या हाती लागतील म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात त्या मापावर बंदी आली. आता लंडनच्या बंदूकवाल्यांची पंचाईत झाली, कारण त्यांचं मोठं गिऱ्हाईक इथेच, राजेरजवाडे आणि साहेब लोक. मग त्यांनी काय केलं? ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापं काढली. आज जगभरचे संग्राहक ज्या ४७० च्या दुनळी रायफलींसाठी घरदार विकायला निघतात, तिच्या जन्मामागे आपल्याकडची ही बंदी आहे.

काकांच्या ३१५ ची कथाही तशीच. फौजेची ती थ्री नॉट थ्री, म्हणून ती खाजगी माणसाला नाही. पण रायफल तर हवी. मग ऑस्ट्रियन धाटणीचं ८ मिलिमीटरचं काडतूस घेतलं आणि थ्री नॉट थ्रीच्याच घराण्यातली यंत्रणा त्याला जोडली. स्वातंत्र्यानंतरही आपल्या सरकारी कारखान्यांनी तेच माप चालू ठेवलं. इंग्रज गेले, त्यांची धास्ती मात्र बंदुकीच्या नळीत राहून गेली.

मापाने बेतून घेतलेल्या बंदुकांचा तर थाटच निराळा. शिंपी अंगरख्याचं माप घेतो तसं लंडनचा कारागीर माप घ्यायचा: हात किती लांब, मान कशी वळते, कुठला डोळा नेम धरतो. मग त्या एका माणसासाठी दस्ता कोरायचा. होलंड अँड होलंड, पर्डी, रिग्बी, बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स, या पेढ्यांकडे आपल्या संस्थानिकांच्या मागण्या जात. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात गेलात तर शिकारीच्या त्या जगाची कल्पना येते.

आणि या पेढ्यांनी एक फार शहाणपणाचं काम केलं. त्यांनी वह्या ठेवल्या. कुठल्या नंबरची बंदूक कुठल्या साली कुणाला विकली, सगळं लिहून. त्यातल्या कित्येक वह्या आजही शाबूत आहेत.

जिम कॉर्बेटचंच घ्या. १९०७ साली त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने त्यांना २७५ ची रिग्बी रायफल भेट दिली, दस्त्यावर तसा चांदीचा पत्रा बसवून. १९४७ साली कॉर्बेट केनियाला गेले. रायफल पुढे त्यांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे पोचली आणि २०१५ साली रिग्बी कंपनीनेच ती परत विकत घेतली. शंभर वर्षांचा प्रवास, पण मधे कुठे धागा तुटला नाही. का? तर नाव होतं, नंबर होता, वही होती.

आता आमच्या तिसरीकडे वळतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात एका माणसाकडे किती बंदुका असाव्यात याला आधी मर्यादा नव्हती. १९८३ च्या दुरुस्तीने ती तीन झाली. डिसेंबर २०१९ मध्ये ती दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच होती, विरोध झाला म्हणून दोन. जास्तीची बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, त्यानंतर नव्वद दिवसांत ती परवान्यावरून उतरणार. वारसाने आलेली असली तरी दोनच. नेमबाजांना वेगळी सवलत आहे. पणजोबांच्या आठवणीला नाही.

या कायद्याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. त्याच दुरुस्तीत लग्नामुंजीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. ती हवीच होती. घरातल्या बंदुका कमी असाव्यात हेही मला पटतं. माझा प्रश्न वेगळा आहे. दोनच ठेवा म्हटल्यावर घरं काय ठेवतात आणि काय सोडतात?

आमच्या घरी २०२० च्या दिवाळीत बैठक बसली. वर्ष लॉकडाऊनमध्येच गेलेलं, मुदत संपत आलेली. परवाना बाबांच्या नावावर. वारसाच्या नावाने तिसरी माझ्याकडे घेता येते का, म्हणून अर्ज केला होता, तो एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत होता. काका म्हणाले, "रायफल सोडायची नाही, आज घ्यायला गेलास तर किंमत ऐकून चक्कर येईल." दुनळीचंही तेच. ऐंशीच्या दशकापासून परदेशी बंदुकांची खाजगी आयात जवळपास बंद, त्यामुळे जुन्या विलायती मालाला सोन्याचा भाव. मग राहिली कोण? ठासणीची. तिला बाजारात कोण विचारतो? तडा गेलेली, तारेने बांधलेली. पाच मिनिटांत निर्णय झाला. मीसुद्धा मान हलवली.

बाबांनी ती गोधडीत गुंडाळली. हा प्रवास त्यांना नवा नव्हता. निवडणूक आली की बंदूक जमा, ही आमच्या भागात सवयच. छाननी समिती असते, सरसकट जमा करू नये असा नियमही आहे, पण शेतकऱ्याला निरोप येतो तो 'आणून द्या' एवढाच. एप्रिल-मे म्हणजे आंबा-काजूचे दिवस, वानरं बागेत आणि बार काढायची बंदूक तालुक्याला. तरी दरवेळी निकालानंतर ती परत यायची. यावेळी बाबा पावती घेऊन रिकाम्या हाताने आले, ओटीवर बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

चूक कळायला मला तीन वर्षं लागली. रायफलीसारख्या हजारो रायफली देशात आहेत, ती गेली असती तर तिच्या बहिणी होत्या. दुनळीचा नंबर आहे, शिक्के आहेत, नशीब असेल तर बर्मिंगहॅमच्या कुठल्या वहीत नोंदही सापडेल. पण ठासणीची नोंद जगात फक्त एका ठिकाणी होती, ती म्हणजे आमचं घर. कुणी घडवली, दस्ता कुणी बदलला, ती पितळेची तार कुठल्या पावसाळ्यात कुणी बांधली, हे बाबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. ती बंदूक हातात असली की ते सगळं आठवायचं. आता तोंडी राहिलंय, तेही अर्धवट. २०२३ साली चौकशी केली तेव्हा "वर पाठवली" एवढंच उत्तर मिळालं. 'वर' म्हणजे कुठे, ते सांगणारं कुणी भेटलं नाही.

किमतीवर निवड केली की असंच होतं. बाजार ज्याला दोन पैसे देत नाही, नेमकी तीच वस्तू इतिहासाच्या दृष्टीने एकुलती एक असते. पुण्यात दिनकर केळकरांनी हे ओळखलं होतं. अडकित्ते, दिवे, दारं, लोक मोडीत काढायचे ते या माणसाने जमवलं. कमलाबाईंनी त्यांच्याबरोबर हा संसार केला, घरात माणसांपेक्षा वस्तू जास्त झाल्या तरी. १९७५ साली तो सगळा संग्रह राज्याला दिला. आज आपण तिकीट काढून बघतो. आमची ठासणीची अशाच कुणाच्या हाती लागायला हवी होती.

आणि बंदुकीकडे कायद्याला वेगळ्या नजरेने बघता येत नाही असंही नाही. शेजारच्या कर्नाटकात कोडगूच्या कोडव लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. केंद्राने २०१९ मध्येच ती २०२९ पर्यंत वाढवली. त्यांच्या कैलपोद सणाला बंदुकीची पूजा होते. मी तशी सूट मागत नाहीये. शस्त्र कायद्यातच कलम ४५ आहे: दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या, पुराणवस्तूसारख्या हत्याराला कायदा लागू नाही. म्हणजे नळी कायमची बंद करून पणजोबांची बंदूक भिंतीवर राहण्याची वाट असू शकते. पण त्या पाच मिनिटांच्या बैठकीत हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि पोलीस ठाण्यातही कुणी सांगितलं नाही.

माझी मागणी छोटी आहे. जमा झालेल्या ठासणीच्या, तोड्याच्या, चकमकीच्या बंदुका वितळवण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या माणसाने एकदा पाहाव्यात. फोटो काढावा, माप घ्यावं, कुठल्या गावची ते लिहावं. त्यातल्या दहा चांगल्या जिल्ह्याच्या संग्रहालयात निकामी करून ठेवाव्यात. आणि तुमच्याकडे असेल तर तुम्हीही आजच एक वही घाला. कंपन्यांनी केलं ते आपल्याला का जमू नये?

तिसरी गेली त्या दिवशी एक वस्तू मात्र मागे राहिली. माळ्यावरच्या ट्रंकेत म्हशीच्या शिंगाची दारूदानी होती, कुणाच्या लक्षातच आली नाही. रिकामी आहे, तोंडाशी लाखेचं बूच. दर खंडेनवमीला आता कोयता, विळा आणि दोन बंदुकांच्या शेजारी बाबा ती ठेवतात. गेल्या वर्षी माझ्या मुलीने विचारलं, "आजोबा, हे कशाचं?"

बाबांनी सांगायला सुरुवात केली. मी उठून वही आणली.