खालच्या तारांचं गाणं

हेवी मेटल म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो किंचाळणारा गायक, नाहीतर केस उडवत गिटार बडवणारा माणूस. बास गिटारवाल्याकडे सहसा कोणी बघत नाही. चार जाड तारा, खालचे स्वर, आणि काम पाया सांभाळण्याचं. आपल्याकडे डग्ग्याचंही तसंच. वाहवा तबल्याच्या वेगाला. डग्गा थांबला तर मात्र सगळा ठेका पोकळ होतो. म्हणून आज थोडं या खालच्या स्वरांबद्दल.

या संगीताचा जडपणा आला बर्मिंगहॅमहून. 'ब्लॅक सॅबथ'चा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच! बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या लावून तो वाजवू लागला, आणि पुढे १९७१ पर्यंत तारा सैल करून स्वर आणखी खाली नेले. त्याच्या जोडीचा गीझर बटलर मूळचा गिटारवादक, नंतर बासकडे वळलेला. १९७० च्या त्यांच्या पहिल्याच अल्बममध्ये 'एन.आय.बी.' हे गाणं सुरू होतं ते चक्क एकट्या बासने.

पण बासला गाण्याचा सारथी केलं ते लंडनच्या स्टीव्ह हॅरिसने. १९७५ साली त्याने 'आयर्न मेडन' हा बँड काढला. मार्च १९८२ मध्ये त्यांचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' आला. मूळ अल्बमच्या आठ गाण्यांपैकी सात गाण्यांच्या श्रेयात हॅरिसचं नाव आहे. गाणी रचणारा माणूसच बास वाजवत असेल तर तो मागे कसा राहील? 'रन टू द हिल्स' मध्ये एक लांब आणि दोन आखूड ठोके अशी घोड्याची दौड आहे, ती हॅरिस नखी न वापरता नुसत्या बोटांनी पळवतो. 'हॅलोड बी दाय नेम' मध्ये फाशीची वाट बघणारा कैदी बोलतो. तिथे दोन्ही गिटारी वर एकत्र गात असताना खाली बास स्वतःची वेगळी वाट चालत असतो. एकदा नुसत्या त्या वाटेवर लक्ष ठेवून ऐका, गाणं दुसरंच वाटतं.

आता आमच्या आमगावचा मुद्दा. नागपूरहून हावड्याकडे जाताना गोंदियानंतर लागणारं हे गाव. नव्वदच्या दशकात आमच्या घरी एका छोट्या स्पीकरचा टेपरेकॉर्डर होता. बासच्या सर्वांत खालच्या तारेला सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. एवढा खालचा स्वर त्या इवल्याशा स्पीकरला झेपणं शक्यच नव्हतं. त्यावर भजनाची कॅसेट लावली की तबल्याचा 'धा' सुद्धा 'ना' सारखाच वाजायचा, कारण डग्गाच गायब!

मग मेडनचा बास तेवढा कसा ऐकू यायचा? उत्तर हॅरिसच्या वाजवण्यात आहे. तो तारेवर इतक्या जोराने बोट मारतो की तार पट्टीवर आपटून खणखणते. त्या खणखणाटात वरचे स्वर भरपूर असतात आणि ते छोट्या स्पीकरमधूनही बाहेर पडतात. मूळचा खालचा स्वर नसला तरी या वरच्या स्वरांवरून आपला मेंदू त्याचा अंदाज बांधतो. टेलिफोनवर पुरुषाचा भारदस्त आवाज ओळखू येतो, तो याच न्यायाने. काही जणांना हा खणखणाट कर्कश वाटतो. मला मात्र तो प्रिय आहे, कारण त्याच्याच पाठीवर बसून बास लंडनहून आमगावपर्यंत आला.

१ फेब्रुवारी २००८ ला मेडनने आपला जागतिक दौरा मुंबईतून सुरू केला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर लोकांना ती दौड भल्यामोठ्या स्पीकरमधून छातीवर झेलता आली. आज तर साध्या हेडफोनमध्येही तो तळाचा स्वर पोहोचतो. पण ऐकायची सवय यंत्राबरोबर मिळत नाही. ती आपली आपणच लावायची असते, आणि एकदा लागली की भजनातला डग्गाही वेगळा ऐकू येऊ लागतो.