सामान्य शिक्षण अभ्यासक्रमांची रचना, सुरत

पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाबाहेरच्या ज्ञानक्षेत्रांची ओळख व्हावी म्हणून आखले जाणारे अभ्यासक्रम. स्वतंत्र भारतात ही कल्पना डॉ. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) आग्रहाने मांडली. आयोगाचे एक सदस्य जॉन टायगर्ट हे फ्लॉरिडा विद्यापीठाचे माजी अध्यक्ष होते आणि त्या विद्यापीठात अशा शिक्षणाचा प्रयोग १९३५ पासून चालू होता. आपल्याकडे मात्र कला, वाणिज्य, विज्ञान या कप्प्यांतच बहुतेक पदव्या पुढेही राहिल्या.

सुरतेत सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीचे, आज एम. टी. बी. आर्ट्स कॉलेज म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय १९१८ मध्ये निघाले. दक्षिण गुजरात विद्यापीठ १९६५ च्या कायद्याने अस्तित्वात आले. २००४ पासून त्याला कवी नर्मदांचे नाव आहे. गुजरातमधील विद्यापीठांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) पदवीची नवी मांडणी २०२३-२४ पासून स्वीकारली. तिचा पाया म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा डिसेंबर २०२२ चा आराखडा. त्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक असून त्यांतले ९ बहुशाखीय अभ्यासक्रमांचे, म्हणजे ३ श्रेयांकांचे तीन अभ्यासक्रम. याशिवाय भाषा-क्षमतेसाठी ८ आणि मूल्यवर्धित अभ्यासक्रमांसाठी ६ ते ८ श्रेयांक. बारावीपर्यंत शिकलेला विषय बहुशाखीय म्हणून पुन्हा घेता येत नाही, हा आराखड्यातला सर्वांत शहाणा नियम म्हणावा लागेल.

एका श्रेयांकाला १५ तास धरले, तर एका अभ्यासक्रमाला ४५ तास मिळतात. अभ्यास मंडळांची सहज होणारी चूक इथेच घडते: मुख्य विषयाच्या पहिल्या सत्रातली प्रकरणे कापून इतर शाखांना दिली जातात. ती प्रकरणे पुढच्या पाच सत्रांची तयारी असतात. ज्याला त्या विषयाकडे पुन्हा यायचेच नाही, त्याच्या हाती नुसत्या व्याख्या उरतात. त्याला ४५ तासांत पुरा होणारा प्रश्न हवा.

असे प्रश्न सुरतेत भरपूर आहेत. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या घ्या. त्यांविषयी इंग्रज वखारीचा पत्रव्यवहार आहे, डच कागद आहेत, सभासदाची बखर आहे. वर्गात सुरती घरांतली मुले असतात, तशीच उधना-लिंबायतेत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांतलीही. एकाच घटनेची दोन्ही घरांत वेगळी आठवण असते. कागद कोणी, कधी, कोणासाठी लिहिला हे विचारायला शिकवण्यासाठी याहून चांगला विषय वाणिज्याच्या विद्यार्थ्याला कोणता देणार? त्यासाठी आधी इतिहास शिकलेला असण्याची गरज नाही.

ऑगस्ट २००६ चा पूर हाही तसाच. तापी खानदेशातून येते. उकाई धरण (१९७२) शहराच्या वर सुमारे १०० किलोमीटरवर. त्या वेळी धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. शेतीसाठी व विजेसाठी भरलेले धरण पुरासाठी रिकामे कधी ठेवायचे, या एका प्रश्नात भूगोल, अंकगणित, प्रशासन आणि न्याय एकत्र येतात. १९९४ च्या प्लेगवर समाजशास्त्रज्ञ घनश्याम शाह यांचा ग्रंथ आहे. शाह ज्या सेंटर फॉर सोशल स्टडीजमध्ये काम करत होते, ती संस्था विद्यापीठाच्या आवारातच आहे. साहित्य इतके जवळ असताना परक्या उदाहरणांवर अभ्यासक्रम बेतणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

पर्यावरण अभ्यासाचा सक्तीचा पेपर या संदर्भात फार बोलका आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशातून तो आला. अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी ५० व्याख्यानांचा सहामाही अभ्यासक्रम आखला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. शेवटचा घटक क्षेत्रभेटीचा, त्याला १०० पैकी २५ गुण. रचना उत्तम होती. पण हा पेपर बहुधा ज्याचा कार्यभार कमी त्या प्राध्यापकाकडे गेला आणि अनेक ठिकाणी क्षेत्रभेट म्हणजे एकमेकांची उतरवलेली वही झाली.

बहुशाखीय अभ्यासक्रमांपुढे तोच धोका आहे. संलग्न महाविद्यालये पुष्कळदा एकाच शाखेची असतात, त्यामुळे विद्यार्थ्याची निवड उपलब्ध प्राध्यापकांपुरती उरते. शेजारच्या महाविद्यालयांनी सामायिक वेळापत्रक करून प्राध्यापकांची देवाणघेवाण केली तर हा अडसर बराच कमी होईल. मूल्यमापनात पर्यायी प्रश्नांऐवजी एक लिखित टिपण आणि त्यावर तोंडी चर्चा ठेवावी. टिपणाची भाषा विद्यार्थ्याने निवडावी. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाचा विचार सर्वांत स्पष्ट उमटतो तो मराठीतच, आणि ते तपासू शकणारे प्राध्यापक शहरात मिळू शकतात.