देवगिरी धूसर का दिसायचा?

आपल्या शाळेच्या गच्चीवरून देवगिरीचा किल्ला दिसायचा, आठवते? पावसाळा सरला की तो दोन पावले जवळ आल्यासारखा वाटे. एप्रिल-मे महिन्यांत मात्र नुसती राखाडी सावली उरे. एकदा विज्ञानाच्या सरांनी विचारले होते, "किल्ला तोच, डोळे तेच. मग कमी काय झाले?" कोणीतरी म्हणाले, "ऊन फार आहे, म्हणून." सर हसले नाहीत. "कमी झाले असेल तर किती, ते मोजता आले पाहिजे," एवढेच म्हणाले. तेवढ्यात तास संपला आणि प्रश्न तिथेच राहिला.

त्याचे उत्तर आपल्यापासून फार लांब नव्हते. आपण शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या वेधशाळेत ॲना मणी नावाच्या बाई नेमके हेच मोजत होत्या.

२३ ऑगस्ट १९१८ रोजी केरळमधील पीरमेड येथे त्यांचा जन्म झाला. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणके प्रकाशातील कोणते रंग शोषतात याचा अभ्यास केला. १९४५ मध्ये प्रबंध सादर केला, पण एम.एस्सी.ची पदवी नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. पुढे त्या लंडनला हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्याला भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या. १९५३ मध्ये त्या उपकरण विभागाच्या प्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. परदेशातून येणारी उपकरणे इथेच बनावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवले.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष. त्या निमित्ताने मणीबाईंनी देशभर सूर्यप्रारण मोजणारी केंद्रे उभारली. याच काळात, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, आपल्या गावात मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. योगायोग असा की, त्या दिवशी बाईंना चाळीस वर्षे पूर्ण झाली.

सूर्याची उष्णता मोजायचे एक उपकरण फार सुरेख आहे. त्यात धातूच्या दोन काळ्या पट्ट्या असतात. एकीवर ऊन पडू द्यायचे, दुसरी सावलीत ठेवून विजेने तापवायची. दोघींचे तापमान सारखे झाले की विजेचा प्रवाह वाचायचा. तेवढीच सूर्याची उष्णता. उपकरणापुढे रंगीत काचा धरल्या की कोणत्या रंगाचा प्रकाश वाटेत किती गळाला तेही कळते. हवेचे रेणू, बाष्प आणि ओझोन यांचा वाटा वजा केला की उरतो तो हवेतील सूक्ष्म कणांचा हिशोब. शास्त्रज्ञ त्याला हवेचा गढूळपणा म्हणतात. धुरासारखे बारीक कण निळा प्रकाश अधिक अडवतात. मातीचे जाडसर कण सगळेच रंग जवळजवळ सारखे अडवतात. त्यामुळे रंगांच्या हिशोबावरून कण बारीक की जाड, याचाही अंदाज येतो.

मणीबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये भारतातील अशा नोंदींचा अभ्यास 'टेलस' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पावसाळ्यापूर्वीच्या उन्हाळ्यात गढूळपणा सर्वाधिक, हिवाळ्यात कमी, हे त्यातून आकड्यांनिशी दिसले. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. त्यानंतर भारतातील सूर्यप्रारणाची आकडेवारी त्यांनी ग्रंथरूपाने आणली आणि सौरऊर्जेचे काम करणाऱ्यांना ती हाताशी मिळाली. आज आपल्या घरांच्या छतांवर सौरपट्ट्या आहेत. त्यांच्यापर्यंत किती ऊन पोचेल, हा हिशोब याच वाटेने जातो. १६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पीएच.डी. त्यांना कधीच मिळाली नाही.

तर सर, उत्तर असे: उन्हाळ्यात किल्ल्याकडून येणारा प्रकाश वाटेतले धूलिकण विखरून टाकतात आणि शिवाय उन्हाचा विखुरलेला उजेड मध्येच आपल्या डोळ्यांत येतो. म्हणून देवगिरी फिका पडतो. पाऊस हे कण धुऊन नेतो आणि किल्ला पुन्हा जवळ येतो.

ऊन जास्त असते म्हणून नव्हे. ते उत्तर माझेच होते.